सातवा टब

महापेच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून डोंगर दिसतो आणि खाडीचा नुसता वास येतो,
बारा टब.
काळा कागद गुंडाळलेले, थर्माकोलची झाकणं,
भोकाभोकातून एकेक भाताचं रोप.
माती नाही. माती मुळांची चहाडी करत नाही,
पाणी करतं.

सहा टबांना नायट्रेट, सहांना अमोनियम.
नत्र तेच, तोलही तोच, फक्त रूप वेगळं.
एक दिवसाआड मी सामू मोजते:
अमोनियमचं पाणी आंबट होत जातं,
नायट्रेटचं उलट वर चढतं,
आणि मी थेंबाथेंबाने दोघांची समजूत घालते.

पंधराव्या दिवशी दुष्काळ.
दुष्काळ आमच्याकडे बरणीत असतो. पांढरी भुकटी,
शंभर मिलीला दहा ग्रॅम,
ढवळायची, विरघळली की झालं.
पाणी तेवढंच, काठोकाठ,
मुळांच्या मात्र हाती लागत नाही.

फरशी पुसता पुसता बारक्या म्हात्रे थांबले.
"पानी त हाय गो यामिने, मंग यी सुकतान कशाला?"
मी सांगितलं.
ते हसले. "म्हंजे खाडीच."

चौथ्या दिवशी नायट्रेटच्या पानांच्या सुरळ्या झाल्या.
अमोनियमची दुपारी मान टाकत
आणि सकाळी काही झालंच नाही अशी उभी.
दाढीच्या ब्लेडने मुळं कापली,
टोकापासून चार सेंटिमीटरवर,
चकती, निळा रंग, काच:
नायट्रेटच्या मुळात पोकळ्या,
पेशी मोडून काढलेल्या खोल्या, हवेला भाड्याने दिलेल्या.
आत शिरलेल्या पाण्याला सरळ वाट उरलेली नाही.
अमोनियमचं मूळ भरीव.
त्याच्या पेशींच्या पडद्यांत प्रथिनांची बारीक दारं असतात,
ती काचेखाली दिसत नाहीत, मी फक्त वाचलंय,
पाणी तिथून आत येतं.
"याला आपल्याकडे काय म्हणाल?"

"उघाडी."

बांधातलं फळ्यांचं दार. भरतीला लावायचं, ओहोटीला सोडायचं.
घणसोलीला ती राखायची पाळी त्यांच्या बापाकडे होती,
आज तिथे एटीएम आहे.
"येक फली चुकली का आख्खा श्यात खारा,"
असं म्हणून बादलीतलं पाणी त्यांनी बदललं.

सातवा टब नायट्रेटचा.
पण सातवा उभा होता.
तीन दिवस मी त्याच्यावर खूश होते,
चौथ्या रात्री वही उलटी चाळत बसले.
सामूच्या रकान्यात सातव्याचा आकडा
पहिल्या दिवसापासून खाली घसरत आलेला,
आणि दर वेळी मी तो वर आणून ठेवलेला,
माझ्याच अक्षरात, न वाचता.
पहिल्या संध्याकाळी लाईट गेली होती.
फोनच्या उजेडात बाटल्यांना चिठ्ठ्या डकवल्या होत्या.

सबनीस मॅडम रागावल्या नाहीत.
"वगळा," म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या.
आलेखात अकरा ठिपके आहेत.

"फेकनार? मना दे."
पंपघरामागे, रंगाच्या रिकाम्या बादलीत,
कुठून तरी आणलेला काळा चिखल.
बोटाने खड्डे करून त्यांनी रोपं बसवली,
माझ्यापेक्षा पुष्कळ कमी जपून.
"यात काय घालू?"

युरिया, चिमूटभर, मी म्हणाले.
चिखलात तो अमोनियम होतो,
वर पाणी असेतो बराचसा तसाच राहतो.
पाणी आटलं की भेगांतून हवा शिरते,
आणि तो नायट्रेट व्हायला लागतो.

"आटल्यावर?"
हो.
"म्हंजे नेमका तवाच?"
नेमका तेव्हाच.

ते बादलीकडे बघत राहिले,
जसं कुणी उधार मागायला आलेल्या पाहुण्याकडे बघतं.
"मंग आटू द्याचा नाय."
आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी ओतलं,
झाकण लावलं,
आणि पोछा घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.